बायकोच्या मागोमाग, जमिनीखाली

...आणि वर मला सांगतात, "काका, अंग सैल सोडा!" अहो, सैल सोडू कुठं? सोडायला जागा नको? पोटाखाली दगड, पाठीवर दगड, डावा हात पुढं, उजवा हात मागं, हनुवटी चिखलात, आणि मागून एक दातांचा डॉक्टर माझे बूट धरून म्हणतोय, "रिलॅक्स! रिलॅक्स!" हा माणूस खुर्चीत बसवूनही लोकांना हेच सांगतो आणि पुढच्या मिनिटाला दाढ उपटतो, ह्याच्यावर विश्वास ठेवायचा कसा? मी टेलर आहे हो, घोरपड नाही!

तुम्हाला सांगतो, मला माप नजरेनं कळतं. अठ्ठावीस वर्षं दुकानात उभा आहे. गिऱ्हाईक दारातून आत आलं की छाती बेचाळीस, बाही चोवीस, डावा खांदा अर्धा इंच खाली, सगळं कळतं. टेप लावायचा तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. तर त्या भोकासमोर मी पालथा पडलो, डोक्यावरचा दिवा आत मारला आणि माप घेतलं. उंची साडेदहा इंच. आणि माझं पोट, कितीही आत ओढलं तरी, सव्वा अकरा. पाऊण इंचाचा प्रश्न! कापडात पाऊण इंच म्हणजे काहीच नाही, बाजूची शिवण उसवली की सुटतं. पण माझी शिवण उसवायची कुठून?

"मग गेलात कशाला?" असं तुम्ही विचारणार. विचारा, सगळेच विचारतात. गेलो बायकोसाठी. बायकोबरोबर नाही हं, बायकोसाठी. फरक आहे. मला तो फार उशिरा कळला.

माझी बायको चोवीस वर्षं माझ्या दुकानात हातकाम करत होती. काज, बटणं, तुरपाई, अस्तर. मी पुढं, गिऱ्हाइकांशी गप्पा मारत. ती मागं, भिंतीकडे तोंड करून, कारण उजेड त्या बाजूच्या खिडकीतून यायचा. तिच्यासारखं काज या रस्त्यावर कोणी करत नाही, उलट्या बाजूनं बघितलं तरी सुलटं वाटावं असं काज. आणि हे मी तिला कधी सांगितलं का? नाही! गिऱ्हाइकांना सांगायचो. "आमच्याकडचं काज बघा," म्हणायचो. आमच्याकडचं!

तर एक दिवस दुकानात एक बाई आली. पासष्टीची, केस बारीक कापलेले, आवाज असा की टाचण्यांचा डबा थरथरला पाहिजे. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायची. आता लोकांना गुहांमध्ये घेऊन जाते, म्हणून सगळे तिला कॅप्टन म्हणतात. जाड कापडाचा अंगभर एकसंध पोशाख टेबलावर टाकला आणि म्हणाली, "गुडघ्याला ठिगळ. दुहेरी." बायकोनं तो उचलला, फाटलेल्या जागेतून बोट घातलं आणि विचारलं, "हे इतकं फाटतं कशानं?"

"रांगून," कॅप्टन म्हणाली. "या एकदा. दाखवते."

आता बघा, लोक हजार गोष्टी बोलतात. "या एकदा घरी" म्हणतात, आपण जातो का? ही गेली!

शनिवारी गेली, रविवारी संध्याकाळी आली. कोपरावर ही एवढी निळी-जांभळी खूण, नखांत चिखल, केसांत चिखल, कानात चिखल, आणि डोळे... डोळे कसे सांगू... दारात उभी राहून म्हणाली, "अहो, ऐका ना, तिथं आत काय झालं माहितीये—" आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आधी पाय धू. आणि त्या ब्लेझरची काजं राहिलीत, गिऱ्हाईक उद्या सकाळी येतंय."

तिनं पाय धुतले. काजं केली. सात काजं, मी मोजली. आणि आत काय झालं ते सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्या महिन्यात नाही. मी म्हटलं, चार दिवसांची हौस आहे, उतरेल. कुठलं उतरतंय! दर महिन्याला जायला लागली.

आणि मग एका मंगळवारी दुपारी, मी मशीनवर, पँटची लांब शिवण मारतोय, ती मागं बसलेली, तिनं दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "अहो, मी वेगळं राहायचं म्हणतेय."

मी म्हटलं, "वेगळं म्हणजे? वरच्या खोलीत?"

"नाही," म्हणाली. "वेगळं."

तुम्हाला सांगतो, पँट संपली, कापड संपलं आणि माझा पाय पॅडलवर तसाच. सुई नुसती हवेत वरखाली, वरखाली. तिनंच उठून बटण बंद केलं.

शेजारचा बेकरीवाला विचारतो, "कोण आहे हो तो?" अहो, कोणी असता तर बरं झालं असतं! त्याची कॉलर धरली असती, चार शिव्या घातल्या असत्या, लोकांनी मला चहा पाजला असता. पण इथं भांडायचं कोणाशी? माझी बायको मला जमिनीतल्या भोकासाठी सोडतेय, हे कोणाला सांगू? मुलीला फोन केला. ती नोकरीसाठी लांब असते. म्हटलं, तू तरी आईला समजाव. ती मग म्हणाली, "बाबा, आई शेवटची खळखळून कधी हसली, तुम्हाला आठवतं?" म्हटलं, "आठवतं की! आठवत कसं नाही? ते... त्या वेळी... ते नाही का..." आणि मी नुसता बोलतोय "ते नाही का, ते नाही का", आणि पोरगी तिकडं फोनवर वाट बघतेय. शेवटी तीच म्हणाली, "राहू द्या, बाबा."

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, असं काय आहे त्या गुहेत? बघूच! गेलो कॅप्टनकडं.

"वय?"

"बावन्न."

"गुडघे?"

"दोन."

"विनोद नको. बंद जागेची भीती वाटते का?"

म्हटलं, "अठ्ठावीस वर्षं दहा बाय बाराच्या दुकानात आहे."

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मला माप घेणारी नजर ओळखता येते. "पोट," म्हणाली. "बघू."

बायकोला सांगितलं, मी येतोय. मला वाटलं, खूश होईल. ती म्हणाली, "थंडी असते हं." बस, एवढंच. पण निघताना माझ्या पिशवीत तिनं गुपचूप दोन जोड जास्तीचे लोकरी मोजे टाकले. आणि मी वेडा, त्या मोज्यांवर अख्खा संसार परत उभा केला हो! गाडीत बसल्या-बसल्या!

आता थंडी. थंडीबद्दल तुम्ही मला काही सांगू नका. रानात एक दगडी झोपडी, तिथं मुक्काम. खिडकीला काच होती, पण नावालाच, आतली हवा बाहेरचीच. शनिवारी एका छोट्या गुहेत सराव झाला. सराव म्हणजे काय, कमरेएवढ्या ओढ्यातून वाकून चालायचं. पाणी किती थंड? कॅप्टन म्हणाली, "आठ अंश." कोणीतरी तिला सांगा हो, आकडा सांगितला म्हणून गरम होत नाही! आणि खरी गंमत रविवारी सकाळी. कालचा तो पोशाख, रात्रभर दोरीवर टांगलेला, तसाच ओला, तसाच गार, मेलेल्या माशासारखा. तो परत अंगात घालायचा! मी आयुष्यभर लोकांना इस्त्री केलेले, कोरडे, अस्तराचे कपडे घालत आलोय. उघड्या पाठीला ते कापड लागलं आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून दातांचा डॉक्टर म्हणाला, "हा आवाज ओळखीचा आहे." मी टेलर आहे हो, बेडूक नाही!

आणि बायको? ती तिथं त्या ओल्या कपड्यात पाय घालून, एका पायावर उड्या मारत, चेन ओढत, दात वाजतायत आणि हसतेय! खळखळून! कॅप्टनला काहीतरी म्हणाली, कॅप्टन तिला काहीतरी म्हणाली, दोघी परत हसल्या. मी बघत राहिलो. चोवीस वर्षं झोपेतून उठताना बघितलेली बाई, आणि मला वाटलं, ही कोण?

मग मोठी गुहा. पुढं कॅप्टन, मग बायको, मग मी, मग डॉक्टर. चालायचं, मग वाकायचं, मग रांगायचं, मग सरपटायचं. माणसाची उत्क्रांती उलटी! आणि दर पाच मिनिटांनी बायको थांबायची, मागं वळायची, माझ्या तोंडावर दिवा मारायची आणि मी दिसलो की पुढं निघायची. परत थांबायची. परत मागं बघायची. मी आतल्या आत विरघळलो हो! म्हटलं, चोवीस वर्षांत इतक्या वेळा वळून बघितलं नसेल. प्रेम आहे, आहे! कॅप्टनला म्हटलं, "बघा, किती काळजी घेते."

कॅप्टन म्हणाली, "नियमच आहे तो. मागचा दिसला पाहिजे."

...असो.

आणि मग ते भोक. साडेदहा इंच. कॅप्टन सरपटत गेली. बायको गेली, पाण्यात मासा शिरावा तशी. मी शिरलो. आणि अडकलो. पुढं नाही, मागं नाही. छाती भरली की दगड लागतो, म्हणून श्वास घेता येईना. श्वास घेता येईना म्हणून घाबरलो. घाबरलो म्हणून जोरात घेतला. जोरात घेतला म्हणून आणखी घट्ट बसलो! मागून "रिलॅक्स, रिलॅक्स". मी ओरडलो, "एकदा रिलॅक्स म्हणालात तर लाथ मारीन," आणि लाथ मारायला पाय हलेना!

तेवढ्यात समोरून उजेड. बायको परत आली होती. पलीकडून पालथी सरपटत, डोकं पुढं करून, इतकी जवळ की तिच्या हेल्मेटची कड माझ्या हेल्मेटला टक्कन लागली. तिच्या नाकावर चिखल. वाफ दोघांची एकच. आणि म्हणाली:

"अरे, माझ्याकडं बघ."

अरे! ऐकलंत? चोवीस वर्षं "अहो". मुलगी झाली तेव्हा कळा येत असताना "अहो". मला ताप चढला तेव्हा "अहो". आणि आज, तिथं, "अरे"! अडकलेला मी, मरणाच्या भीतीत, आणि कानशिलं गरम झाली, कॉलेजातल्या पोरासारखी!

"श्वास सोड," म्हणाली.

"सोडतोय."

"सगळा नाही सोडत तू. थोडा धरून ठेवतोस. सगळा सोड."

"सगळा सोडला आणि परत आलाच नाही तर?"

"येतो रे. मी इथंच आहे. घाई नको. बोल माझ्याशी."

काय बोलणार? आणि माझ्या तोंडून, तुम्हाला सांगतो, मला माहीतही नव्हतं की ते आत आहे, माझ्या तोंडून आलं, "तू पहिल्यांदा आलीस ना इथून... दारात उभी होतीस... 'आत काय झालं माहितीये' म्हणालीस. काय झालं होतं गं?"

पाणी टपटपतंय कुठंतरी.

"पाय धू म्हणालास तू," ती म्हणाली.

"हो. म्हणालो."

"पलीकडं एक मोठी खोली आहे," ती म्हणाली. "कॅप्टननं तिथं सगळ्यांना दिवे बंद करायला लावले. इतका अंधार मी कधी बघितला नव्हता. स्वतःचा हात दिसेना. मी आहे की नाही तेच कळेना. मग मी माझं नाव घेतलं. मोठ्यानं. उगाच. आणि ते परत आलं. तीनदा आलं. आणि मला रडूच फुटलं. कारण ते नाव मी किती वर्षांनी ऐकलं. तू 'अगं' म्हणतोस. पोरगी 'आई' म्हणते. गिऱ्हाइकं 'वहिनी' म्हणतात. एवढंच झालं. एवढंच सांगायचं होतं."

आणि माझा श्वास सुटला हो. सगळा सुटला. एवढा पोटात होता हे मलाच ठाऊक नव्हतं. तिनं माझं पुढचं मनगट धरलं, डॉक्टरनं मागून रेटलं आणि पाऊण इंच कुठं गेला कोण जाणे, मी सुर्रकन पलीकडं.

ती खोली... आता कसं सांगू? छत दिसत नव्हतं इतकं उंच. वरून दगडाच्या बारीक पांढऱ्या नळ्या लोंबत होत्या, हजारो, सुईसारख्या, प्रत्येकीच्या टोकाला एक थेंब, आणि आपला दिवा फिरला की सगळे थेंब एकदम पेटायचे. कॅप्टन म्हणाली, बोटभर नळी व्हायला कित्येक शतकं जातात. मी आपला लग्नसराईत तीन दिवसांत सूट देणारा माणूस! माझं तोंड उघडंच राहिलं. थंडी विसरलो, गुडघे विसरलो. मग आम्ही दिवे बंद केले.

आणि त्या अंधारात मी तिचं नाव घेतलं. मोठ्यानं, पोटातून. काय नाव ते तुम्हाला नाही सांगणार, ते तिचं आहे. गेलं, आणि परत आलं. एकदा, दोनदा, तीनदा. माझ्या शेजारी कोणीतरी नाक ओढलं. मी हात पुढं केला, अंधारात चाचपडत, आणि हाताला हात लागला. घट्ट धरला. तिनंही धरला.

"ओरडू नका," कॅप्टनचा आवाज. "वटवाघळं झोपलीत."

म्हणू दे! मी जिंकलो होतो! मला वाटलं, झालं, मिटलं! बाहेर आलो तेव्हा दुपारचं ऊन पडलं होतं. गवताचा वास आला, आणि मला तो वास पहिल्यांदा आल्यासारखा आला. कपभर साधा चहा, पण असा चहा उभ्या आयुष्यात प्यालो नाही. अंग ठणकत होतं आणि मी हसत होतो. तेव्हा कळलं हो, लोक का जातात. आत जे अडकतं ते आतच गळून पडतं, आणि बाहेर आलं की सगळं कसं नवं शिवल्यासारखं!

परतीच्या गाडीत आम्ही मागच्या सीटवर, एका रगखाली. मी योजना करतोय. म्हटलं, दर महिन्याला येऊ. दुकान शनिवारी बंद. काजाला बाई ठेवू. तू पुढं बस, मी मागं बसतो. ती सगळं ऐकत होती. मग म्हणाली:

"अहो."

अहो! मला तिथंच कळलं. पुढचं ऐकायची गरजच नव्हती.

"अहो, मी खोली घेतलीय. एक तारखेपासून."

मी म्हटलं, "पण मी आलो ना! आठ अंशात आलो! त्या भोकातून आलो! मला सगळं कळलं ना आता!"

"हो," ती म्हणाली. "कळलं ना? म्हणून तर सांगता आलं. ज्याला काही कळलंच नाही अशा माणसाला सोडून जाणं मला फार जड जात होतं."

आता मला सांगा, ह्यावर काय बोलायचं? तुमच्यापैकी कोणाला सुचतंय का? मला आज सात महिने झाले, सुचलं नाही. म्हणजे मी न समजता घरी बसलो असतो तर ती अजून मागच्या खिडकीशी बसली असती! मी मरत-मरत त्या भोकातून गेलो ते तिचं ओझं हलकं करायला! मी टेलर आहे हो, संत नाही!

एक तारखेला ती गेली. भांडण नाही, तंटा नाही. दोन बॅगा आणि सुयांची डबी. पडदे मीच शिवून दिले. दुसऱ्या कोणी शिवले असते तर काठ वाकडा गेला असता. लावायलाही मीच गेलो. छोटी खोली, खिडकी मोठी. टेबल तिनं खिडकीसमोर ठेवलंय, भिंतीसमोर नाही. मी पडदा लावला, दोनदा सारून बघितला, नीट सरकत होता. मग उगाच तिसऱ्यांदा सारला.

पुढच्या महिन्यात मी गुहेत गेलो. खरं सांगू? ती भेटेल म्हणून गेलो. दाढी करून गेलो! तो ओला पोशाख अंगात चढवला, आणि विचारलं, "आमची... ती आली नाही?"

कॅप्टन म्हणाली, "ती? तिनं हे सोडलं. आता डोंगरावरून उडते. पॅराग्लायडिंग."

मी एक पाय पोशाखात, एक पाय बाहेर. काय करणार? दुसराही घातला. तेव्हापासून दर महिन्याला जातो. डॉक्टर अजून "रिलॅक्स" म्हणतो, मी अजून शिव्या घालतो. मोठ्या खोलीत दिवे बंद झाले की मी कोणाचं नाव घेत नाही. नुसता बसतो. बरं वाटतं. तिनं जे बघितलं ते बघत बसतो.

परवा तिचा फोन आला. आवाज काय मोकळा लागला होता म्हणून सांगू! वारं कसं येतं, पाय जमिनीवरून सुटतात तेव्हा पोटात काय होतं, दरी खाली कशी फिरते... सांगत होती, सांगत होती, आणि मी ऐकत होतो. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना हातानं थांबवलं. पूर्ण ऐकलं. अर्धा तास. सगळं सांगून झालं तेव्हा ती थांबली, आणि म्हणाली, "अहो, पण तुम्ही नका हं येऊ तिथं. तुम्हाला स्टुलावर चढलात तरी चक्कर येते."

म्हटलं, "छे छे! मी कशाला येतोय?"

खरंच कशाला जायचं? तिनं नको म्हटलंय. वय बावन्न. चक्कर येते ही गोष्ट खरी आहे. आणि जाऊन तरी काय होणार, परत आणखी काहीतरी कळेल, आणि ती आणखी कुठंतरी लांब जाईल.

...नाही, मी आपलं एवढंच विचारतोय, तुमच्यात कोणी औषधांच्या दुकानातलं आहे का? चक्करेवर एखादी चांगली गोळी... झोप न आणणारी?